वारसनोंद

चाकण, खेड, मावळ या पट्ट्यात घरातला म्हातारा गेला की दिवस व्हायच्या आत पोरं तलाठ्याकडे पळतात. वारसनोंद करायला. जमिनीला सोन्याचा भाव आलाय. नोंद राहिली तर भाऊबंद खातो, भाऊबंदानं सोडलं तर दलाल खातो. बापानं मागं ठेवलं म्हणजे पोराला मिळालं, असं नसतं. नोंद करून घ्यावी लागते, फेरफार ओढावा लागतो आणि पुढंही ताबा सोडून चालत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आपल्यातल्या बहुतेकांकडे नोंदवायला जमीनच नाही. कुणाकडे वतनाचा तुकडा होता, त्याचं काय झालं तो वेगळा लेख होईल. पण बापानं आपल्यासाठी काहीच मागं ठेवलं नाही, असं कोण म्हणेल?

मागच्या १४ एप्रिलला पिंपरीच्या चौकात, पुतळ्यापाशी, एक पोरगा भेटला. बावीस-तेवीसचा असेल. परभणीकडचा. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर. कपाळाला निळं, अंगावर नवा पांढरा शर्ट. रात्रपाळी करून न झोपताच आला होता. मी विचारलं,

‘बाबासाहेबांनी तुला काय दिलं रे?’

‘सगळंच दिलं की दादा. माणूस केलं.’

‘आणि कंपनीत? कंपनीत काय दिलं?’

तो हसला. ‘कंपनीत काय देणार? कंपनीत ठेकेदार देतो. देईल तेवढं घ्यायचं.’

मित्रांनो, त्याची चूक नाही. चूक आपली. आपण त्याला महाड सांगितलं, नाशिक सांगितलं, नागपूर सांगितलं, घटना सांगितली. मजूरमंत्री बाबासाहेब सांगितले नाहीत. सांगितले तर एका वाक्यात, आणि तेही चुकीच्या आकड्यासकट. म्हणून हे लिहायला घेतलं. दोन लाख हात रोज सकाळी ज्या गेटमधून आत जातात असं आपण भाषणात ठोकून देतो, त्या गेटच्या आत आपल्या माणसांचं काय काय ठेवलेलं आहे, ते एकदा मोजून बघू.

१

सुरुवात चाकणच्याच तालुक्यापासून करू.

खेड तालुक्यात कन्हेरसर नावाचं गाव आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचं घराणं मूळ तिथलं. जन्म १८४८, ठाण्याचा. जात माळी, हातात पैसा नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा हा कार्यकर्ता मुंबईत गिरणीच्या जगात शिरला. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवलं. १८८४ साली सप्टेंबरात परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा घेतली आणि ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला.

त्या अर्जात काय मागितलं होतं? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्य मावळताना बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर इजा झाली तर भरपाई.

आता हाच कागद घेऊन भोसरीच्या एखाद्या छोट्या प्रेस-शॉपच्या दारात उभं राहा. आठवड्याची सुट्टी? ‘ऑर्डर आहे, रविवारी यायला लागेल.’ पगार? ‘कंपनीनं ठेकेदाराचं बिल काढलं की.’ पॉवर प्रेसखाली बोटं गेली तर? ‘घरी पडला असं सांग दवाखान्यात.’ एकशेचाळीस वर्षं झाली. मागण्या शिळ्या झालेल्या नाहीत.

१८९० च्या एप्रिलात मुंबईच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बाया उठून बोलल्या. कामगार बाईनं हजारो माणसांपुढं भाषण करायचं, तेही १८९० साली! १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवार आभाळातून पडलेला नाही, इंग्रज साहेबानं चर्चला जायचं म्हणून कामगाराला दिलेलाही नाही. सत्यशोधकांनी सह्या गोळा करून तो मिळवलाय.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. चिंचवडला चापेकर चौक आहे. चापेकर बंधू चिंचवडचे. २२ जून १८९७ ला त्यांनी पुण्यात प्लेगचा अंमलदार रँड याच्यावर गोळी झाडली, पुढं फासावर गेले. गावानं त्यांची आठवण ठेवली. ठेवावी. पण त्याच १८९७ सालात, त्याच प्लेगनं आणखी दोन माणसं गेली. ९ फेब्रुवारीला मुंबईत लोखंडे गेले. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई गेल्या, रोग्यांची सेवा करता करता. साल एक, साथ एक. एकीकडे रँडला मारणारे, दुसरीकडे रोग्याला पाठीवर घेणाऱ्या. पाठ्यपुस्तकात आधी कोण आलं, ते तुम्हीच आठवा. लोखंड्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघायला २००५ साल उजाडलं. चाकणच्या कंपन्यांतल्या किती पोरांना ठाऊक आहे की रविवार मिळवणाऱ्याचं मूळ गाव आपल्याच तालुक्यात आहे? मी विचारून पाहिलंय. एकालाही नाही.

ज्यांच्या हातात दप्तर होतं त्यांनी आपल्या नोंदी करून घेतल्या. आपली नोंद राहिली.

२

लोखंड्यांनी रविवार मिळवला, पण गिरणीत आपल्या माणसाची जागा कोणती होती?

मुंबईच्या गिरण्यांत साचेखातं, म्हणजे मागावरचं विणकाम, हे चांगल्या पगाराचं खातं. तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या खात्यात. हा नियम मालकानं छापलेला नव्हता. सोबतचा कामगारच तो पाळत होता, लाल बावट्याखाली उभा राहून पाळत होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला. सगळे कामगार एक म्हणता ना, मग साचेखात्याचं दार उघडा.

रेल्वेतही तेच. आपला माणूस गँगमन म्हणून लागला की गँगमन म्हणूनच म्हातारा व्हायचा. त्याला पोर्टरसुद्धा करत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामं करावी लागत, आणि घरात आपला हात चालत नव्हता.

हे सगळं बाबासाहेबांनी मनमाडला मांडलं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८, जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. तिथं त्यांनी कामगाराचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसं नव्हेत, हेही तिथंच स्पष्ट केलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारण्याची वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, मग ती कुठल्याही जातीत असो. आपल्यातला एक गट यातला पहिलाच शत्रू लक्षात ठेवतो, दुसरा गट दुसराच. बाबासाहेबांनी दोन्ही एका दमात सांगितले होते.

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणलं. तडजोडीच्या लांब फेऱ्या पुऱ्या केल्याशिवाय संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला शिक्षा. बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष विधिमंडळात त्या बिलाविरुद्ध उभे राहिले. काम थांबवणं हा गुन्हा ठरला तर कामगार गुलाम झाला, हा त्यांचा मुद्दा. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या बिलाविरुद्ध मुंबईत सार्वत्रिक संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर आले. ज्यांच्याशी साचेखात्यावरून भांडण, त्यांच्याच खांद्याला खांदा. भांडण विसरून नव्हे, भांडण ठेवून. ही तारीख आपल्या कॅलेंडरात का नाही?

आणि बाया? १९२८ साली मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचं बिल आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाईला या दिवसांत विसावा मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ साली तो कायदा झाला. मुंबई इलाखा यात देशाच्या पुढं होता.

३

आता १९४२. जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मेंबर झाले. १९४६ पर्यंत हे खातं त्यांच्याकडं होतं. अवघी चार वर्षं, आणि ती महायुद्धाच्या काळातली.

आधी तो चुकीचा आकडा दुरुस्त करू. मोबाईलवर फिरतं, ‘बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले’. असं नाही. १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीत पुरुषाचे १२ तास ठरले. १९२२ ला दिवसाचे ११ आणि आठवड्याचे ६० झाले. १९३४ ला दिवसाचे १०, आठवड्याचे ५४. बाबासाहेबांच्या खात्यानं आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीनं आठवड्याचे ५४ चे ४८ झाले, दिवसाची मर्यादा ९ झाली. सहा दिवसांनी भागा, रोजचे आठ येतात. तेच आकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात गेले.

कुणी म्हणेल, एवढ्या बारकाव्यात कशाला शिरायचं? तर दोन कारणं. एक, खोटा आकडा सांगितला की समोरचा तो पकडतो आणि खऱ्या कामावरही थुंकतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. १२ चे ११, ११ चे १०, १० चे ८, यातला एकेक तास किती संपांनी, किती उपाशी दिवसांनी मिळवलाय. बाबासाहेब त्या लढ्याच्या बाहेरून आलेले देव नव्हते. १९२८ ला, १९३८ ला ते त्यात होते. म्हणून १९४६ ला पेन हातात आलं तेव्हा काय लिहायचं हे त्यांना ठाऊक होतं.

बाकीचं मोजू. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत त्रिपक्षीय मजूर परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी. आज याचं काही वाटत नाही. तोवर कामगार टेबलाच्या बाजूला उभा असायचा, अर्ज हातात घेऊन. त्याला खुर्ची मिळाली ती तिथं. १९४५ ला कारखाने कायद्यात पगारी रजा आली. कामगाराच्या आजारपणाच्या विम्याचा विचार करायला १९४३ साली बी. पी. अडारकरांना नेमलं, १९४४ ला त्यांचा अहवाल आला, त्यावर पुढं १९४८ चा ई.एस.आय. कायदा उभा राहिला. किमान वेतनाचं बिल एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी मांडलं, ते १९४८ ला कायदा झालं. तोवर बाबासाहेब खात्यात नव्हते, श्रेय पुढच्यांचंही आहे. पण पाया कुणी खणला ते दिसतंच.

एक बिल मात्र अडकलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी ट्रेड युनियन कायद्याला दुरुस्ती आणली. कामगारांची खरी प्रातिनिधिक युनियन असेल तर मालकानं तिला मान्यता दिलीच पाहिजे, अशी सक्ती. १९४७ ला तशी दुरुस्ती पास झाली आणि अमलात कधीच आली नाही. कायदा पुस्तकात मेला. याचे भोग या पट्ट्यानं किती भोगलेत ते जुन्या कामगारांना विचारा. युनियनची चिठ्ठी खिशात सापडली म्हणून गेटबाहेर काढलेली माणसं प्रत्येक वसाहतीत आहेत.

आणि एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. बायांना खाणीत जमिनीखाली कामाला लावायला बंदी होती. युद्धासाठी कोळसा कमी पडतो म्हणून सरकारनं १९४३ साली ती उठवली. मजूर खातं तेव्हा बाबासाहेबांकडंच होतं. टीका झाली, व्हायलाच हवी होती. १९४६ च्या सुरुवातीला बंदी परत लागू झाली. भक्ताला ही गोष्ट सांगायला नको वाटते. पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत खुद्द बाबासाहेबांनीच बजावलंय. वारस हिशेब बघतो, जमा आणि खर्च दोन्ही.

४

आता पुन्हा इथं, आपल्या पट्ट्यात येऊ. साल १९५४.

त्या वर्षी मार्चमध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी झाली. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना. पुढच्या वर्षी माल निघायला लागला. देशाचा हा पहिला सरकारी औषध कारखाना. आज दिसतं ते शहर तेव्हा नव्हतं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं होती. १९६२ ला एम.आय.डी.सी. स्थापन झाली, मग भोसरी-आकुर्डीत वसाहती, मोटारींचे-स्कूटरचे कारखाने. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. चाकणला मोठ्या गाड्यांचे कारखाने त्याच्याही नंतर.

त्याच १९५४ च्या शेवटी, २५ डिसेंबरला, बाबासाहेब देहूरोडला आले. प्रकृती ढासळलेली. आपल्याच लोकांनी बांधलेल्या विहारात त्यांनी बुद्धाची मूर्ती बसवली, रंगूनहून आलेली. देहूरोड म्हणजे लष्कराची छावणी आणि दारूगोळ्याचा डेपो. मोलमजुरी करणाऱ्या माणसांची वस्ती. अशा जागी, नागपूरच्या धर्मांतराच्या दोन वर्षं आधी. तारीखही बघा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला इथं बुद्ध बसवला.

आणि जागाही बघा. एका अंगाला तुकोबांची देहू, दुसऱ्या अंगाला ज्ञानोबांची आळंदी. १९२० साली ‘मूकनायक’ काढला तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या माथ्यावर तुकारामाचे शब्द घेतले होते. १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ काढलं तेव्हा ज्ञानेश्वराचे. बहिष्कृताच्या पत्रावर या पट्ट्यातले हे दोघे आधीच येऊन बसले होते. जवळच तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचं घर होतं. चाकणवरून शिक्रापूरकडं गेलं की पुढं भीमा कोरेगाव, जिथं १ जानेवारी १९२७ ला ते स्तंभाला मानवंदना द्यायला आले. हा पट्टा त्यांच्या पायाखालचा आहे.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. १९५४ साली या पट्ट्यात दोन दारं उघडली. एक विहाराचं, एक कारखान्याचं. विहाराचं दार आपण राखलं. दर २५ डिसेंबरला लाखोंची रांग लागते. कारखान्याच्या दारावर आपली पाटी आहे का, ते मात्र आपण पाहिलं नाही.

सरकारी कारखान्यात पुढं राखीव जागा आल्या. आपली पहिली पिढी तशीच आत शिरली. क्वार्टर मिळालं, पोरं शिकली, त्यातलेच काही आज शिक्षक-अधिकारी आहेत. ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून माझ्या बापासारखे जे आले ते मात्र नाक्यावर उभे राहिले. खाजगी कंपनीत राखीव जागा नाहीत. तिथं ओळख लागते, गाववाला लागतो, आडनाव चालतं नाहीतर अडतं. १९९० च्या दशकात पिंपरीचा सरकारी कारखाना आजारी पडला. त्याच दशकात आणि पुढं चाकणच्या खाजगी कारखान्यांची रांग लागली. आपलं एक दार आक्रसत गेलं, दुसऱ्यावर आपल्यासाठी कडी नव्हतीच.

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात बाबासाहेबांनी मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे हवेत असं लिहिलं, ते पोथीतलं तत्त्व म्हणून नव्हे. मालक खाजगी असेल तर कामगाराला पोटापुढं आपले मूलभूत हक्क गहाण ठेवावे लागतात, हे त्यांनी ओळखलं होतं. नाक्यावर उभं राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

५

आता आजचं.

गेटच्या आत आज चार-पाच प्रकारची माणसं एकाच लाइनवर उभी असतात. पर्मनंट, ट्रेनी, अप्रेंटिस, फिक्स टर्म, कंत्राटी. युनिफॉर्मचा रंग वेगळा, कँटीनचं कुपन वेगळं, बसमधली जागा वेगळी. बोल्ट तोच, टॉर्क तोच, पगार निम्म्याहून कमी. ही नवी उतरंड आहे. यात कोण कोण कुठं आहे याचे आकडे माझ्याकडं नाहीत. पण पाळी सुटताना गेटवर उभं राहा. भंगाराचा ठेका कुणाचा, बस कुणाच्या, ठेकेदार कुठल्या आडनावाचा, आणि पेंट बूथ झाडणारे, संडास धुणारे कोण, ते नुसतं बघा. साचेखात्याचं दार आठवेल.

माझ्या चुलत बहिणीची गोष्ट. एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर होती, ठेकेदाराकडे. चौथा महिना लागला तसं सुपरवायझरच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चाललं नाही. ठेकेदार म्हणाला, ‘तुझं नाव नाही मस्टरवर.’ तीन वर्षं काम केलेली बाई! ती घरी येऊन रडली, आम्ही तिला धीर दिला. पण बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे, ठेकेदारानं दिलं नाही तर मूळ कंपनीला गाठता येतं, हे आमच्यातल्या एकालाही त्या दिवशी सुचलं नाही. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, हार ताजा होता.

आणि कायदेही आता तेच राहिलेले नाहीत. जुने २९ मजूर कायदे गुंडाळून चार संहिता केल्या. एक २०१९ ची, तीन २०२० च्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. १९४८ चा कारखाने कायदा, किमान वेतनाचा कायदा, ई.एस.आय.चा कायदा, सगळे त्यात गेले. ओरडण्याआधी वाचा. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला आता टाळं लावायला सरकारची परवानगी नको. पूर्वी ही हद्द शंभर होती. कंत्राटी कामगारांचे नियम केंद्राच्या जुन्या कायद्यात २० माणसांपासून लागत, आता ५० पासून. कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस. निम्म्या कामगारांनी मिळून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जाईल. ७ नोव्हेंबर १९३८ आठवतोय ना? ते बिल पुन्हा आलं आणि आपण जयंतीच्या वर्गणीत गुंतलो होतो. त्याच्या आधी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कागदावर तेच. पण १२ हा आकडा १९११ चा आहे, मित्रांनो.

याच संहितांत हाताला धरण्यासारखंही काही आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालंय. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडं, तिच्याशी मालकाला बोलणी करावी लागतील. १९४३ साली बाबासाहेबांनी जे मागितलं त्याचा एक तुकडा वेगळ्या कपड्यात परत आलाय. तो आपण उचलायचा, की वाईट कायदा आहे म्हणून तोंड फिरवायचं?

६

वारसा म्हटलं की आपल्याला पुतळा दिसतो. पुतळ्याला माझा विरोध नाही. ज्या गावात आपल्याला सावलीसकट हाकललं, तिथं चौकात आपला माणूस बोट दाखवून उभा आहे, याची किंमत मला ठाऊक आहे. पण पुतळा आपण राखतो, तसा ४८ तासांचा आठवडा कोण राखणार? पुतळ्याची विटंबना झाली तर अर्ध्या तासात चौक भरतो. पगारी रजेची विटंबना रोज होते, चिटपाखरू हलत नाही.

लोखंड्यांचा रविवार, बाबासाहेबांचे अठ्ठेचाळीस तास, पगारी रजा, आजारपणाचा विमा. हा आपला सातबारा आहे. दुसरे लोक त्यावर नांगर फिरवतायत, कारण आपण नोंद केलेली नाही.

नोंद कशी करायची? मोठं काही नाही. येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला विहाराच्या रस्त्यावर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल टाकू. वर चार प्रश्न लिहून ठेवू. नेमणूकपत्र आहे का? पगाराची पावती मिळते का? फंड आणि ई.एस.आय.चा नंबर माहीत आहे का? आठवड्याची सुट्टी मिळते का? येणाऱ्या प्रत्येक कामगाराला, प्रत्येक बाईला विचारू. उत्तरं वहीत लिहू. नाव नको, कंपनीची वसाहत आणि उत्तर पुरे. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या जमवल्या तेव्हा त्यांच्याकडं फोनही नव्हता. आपण पाचशेनं सुरुवात करू. ज्यांना कायदा कळतो त्या आपल्या वकील पोरा-पोरींनी त्या दिवशी सेल्फी नंतर काढावी, आधी दोन तास टेबलाशी बसावं. आणि टेबलाशी जात विचारायची नाही. कन्हेरसरच्या माळ्यानं रविवार मागितला तो सगळ्यांसाठी मागितला होता, बाबासाहेबांनी अठ्ठेचाळीस तास केले ते सगळ्यांचे केले.

परभणीच्या त्या पोराचा नंबर माझ्याकडं आहे. त्याला पहिल्या टेबलावर बसवणार आहे. पहिला प्रश्न त्यानंच विचारायचा. विचारता विचारता त्याचं त्यालाच कळेल, कंपनीत ठेकेदार देतो ते काय आणि बाबासाहेबांनी दिलेलं ठेकेदार खातो ते काय.

जय भीम.